एक डोळा नमुन्यादाखल

ही हकीकत कुणाला खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. एका माणसाला स्वतःची बायको पंधरा दिवस दोन मापांत दिसत होती, एक मोठी आणि एक लहान, आणि तरीही तो घर सोडून पळाला नाही, यावर ज्याचा चटकन विश्वास बसेल त्याचं लग्न झालेलं नसणार. पण यातली मीठमिरची माझी नाही. उलट बरंच वगळून सांगतोय, कारण सगळं सांगितलं तर तुम्ही अर्ध्यातून उठून जाल.

तर नमुनेसाहेब. वसतिगृहांना लागणारा माल घेणारी एक मोठी कचेरी होती, तिच्या खरेदी विभागात ते बसत. बादल्या, ब्लँकेटं, साबण, टेबलं, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. त्यांना खरं नावही होतं, पण ते पगाराच्या दिवसाखेरीज कुणाला आठवत नसे. नमुना पाहिल्याशिवाय हा गृहस्थ पाणीसुद्धा पीत नसे. आधी एक घोट, मग विचार, मग पेला. लग्न ठरवतानाही त्यांनी आधी मेहुणा पाहून घेतला होता म्हणतात. मेहुणा पाहूनही लग्न केलं, यावरून त्यांच्या पारखीची काय ती कल्पना करा.

या पारखी डोळ्यांवर उणे अकरा नंबरचा चष्मा होता. चष्मा काढून टेबलावर ठेवला की टेबल एका बाजूला कलल्यासारखं वाटायचं. त्या काचांमागे साहेबांचे डोळे शर्टाच्या काजाएवढे दिसत, आणि समोरच्याला वाटे, हा माणूस आपल्याकडे संशयानं डोळे बारीक करून बघतोय. साहेबांचा निम्मा दरारा या एवढ्यावरच उभा होता.

उरलेला निम्मा दोन शब्दांवर: "लहान आहे."

विक्रेत्यानं नमुना पुढे ठेवावा, साहेबांनी चष्मा सावरावा, कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करावं आणि म्हणावं, "लहान आहे. परत न्या." साबणवाला बिचारा शपथा घेई, टेप काढून दाखवी. साहेब टेपेकडे ढुंकून बघत नसत. "टेप शिंप्याकडे न्या. इथं माझी नजर चालते." मग साबणवाला मुकाट्यानं जाऊन दांडगी वडी घेऊन येई. परिणाम असा झाला की वसतिगृहातली पोरं साबण दोन हातांनी उचलून आंघोळीला जात. ब्लँकेट एवढं मोठं, की एकानं पांघरलं तर शेजारच्या खाटेवरचाही गरम व्हावा. पोरं खूश, वसतिगृहं खूश, वरिष्ठ खूश. खरेदी विभागात वाघ बसलाय, असं सगळ्या इमारतीत बोललं जाई, आणि वाघालाही ते ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललं जाई.

अशात मुख्य खरेदी अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली. वाघाची लाळ टपकली. आणि नेमका त्याच वेळी मेहुणा घरी आला.

हा मेहुणा म्हणजे स्वतः लेझर करून आलेला. त्याचा नंबर होता एवढासा, उणे दीड, पण सांगायचा असा की जणू जन्मांध होता आणि दृष्टी मिळवून परतला.

"भाऊजी," तो कोचावर पसरत म्हणाला, "मुख्य अधिकारी व्हायचंय आणि तोंडावर ह्या लोणच्याच्या बरण्या? समितीला वाटेल, साहेब फाइल वाचतात की हुंगतात?"

"माझ्या नजरेला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही."

"नजरेला नाही हो, काचेला ठेवतात. पाठीमागे ठेवतात, म्हणून तुम्हाला दिसत नाही. तसंही पाठीमागचं सोडा, पुढचं तरी…"

"पुरे," बायको आतून म्हणाली. भावाची बाजू घ्यावी की नवऱ्याची, हे ठरवायला तिला तेवढाच वेळ लागला.

बातमी जिन्यात गेली. फुकटचा सल्ला आणि कांदा तळल्याचा वास, दोन्ही न बोलावता घरात शिरतात. खालच्या काकू दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "करा, करा. माझ्या जावेच्या भावानं केलं. आता त्याला भिंतीपलीकडचं दिसतं म्हणे."

"मग तो काय करतो?"

"तो काही नाही करत. शेजारी मात्र घर बदलून गेले त्याचे."

वरचे निवृत्त कॅशियर उलट बाजूचे. "लेझर म्हणजे शेवटी आगच ना? मी तर मेणबत्तीसुद्धा हातभर लांब धरतो." यांनी आयुष्यभर नोटा मोजल्या, पण एक विचार कधी धड मोजून मापून केला नाही.

अखेर नमुनेसाहेब डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसले. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. अशा माणसांची शांतता संपवायला नमुनेसाहेबांसारखे लोक लागतात. डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा डोळा हातात घेऊन नीट समजावलं.

"तुमची काच डोळ्यापासून बोटभर पुढे असते. एवढ्या मोठ्या उणे नंबरची काच तिथून स्पष्ट दाखवते, पण आकसून दाखवते. लेझरनं बुबुळालाच आकार दिला की काच जाईल आणि ते आकसणंही जाईल. आतल्या पडद्यावर पडणारं चित्रच मोठं होईल. सगळं थोडं थोरलं दिसेल, सुरुवातीला दचकायला होईल. मात्र कमी उजेडात दिव्यांभोवती वलयं दिसतील, फिक्या रंगांतला फरक जरा पुसट वाटेल, डोळे कोरडे पडतील. बहुतेकांचं हळूहळू निवळतं."

नमुनेसाहेबांनी हे सगळं विक्रेत्याची बडबड ऐकावी तसं ऐकलं. त्यांचा अनुभव असा की विक्रेता आपणहून दोन दोष सांगू लागला, की समजावं, तिसरा गोणीत आहे.

"ठीक आहे. एक करा," ते म्हणाले.

"एक काय?"

"डोळा. नमुन्यादाखल. पास झाला तर उरलेली ऑर्डर देऊ."

डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा डोळा खाली ठेवला. "अहो, डोळे जोडीनं असतात."

"बूटही जोडीनंच असतात. पण दुकानदार बघायला एकच पुढे करतो."

डॉक्टरांनी पुष्कळ डोकं फोडलं. म्हणाले, एका डोळ्यात मोठं चित्र आणि दुसऱ्यात चष्म्यातलं लहान, ही दोन चित्रं मेंदूला जुळवता येणार नाहीत, तो हात टेकेल. निदान मधल्या काळात डाव्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घाला. ती बुबुळावरच बसते, त्यामुळे फरक पुष्कळ कमी होईल.

"म्हणजे आपल्याच डोळ्यात आपणच बोट घालायचं?" नमुनेसाहेब उसळले. "ते मी दुसऱ्यांच्या घालतो. मला त्याचा पगार मिळतो."

डॉक्टरांनी निःश्वास टाकला. "बरं. दुसरा डोळा पंधरा दिवसांनी. तोवर गाडी चालवू नका, जिना जपून उतरा, आणि जमलं तर कशावर सही करू नका." सही करू नका, हे खरेदी विभागातल्या माणसाला सांगणं म्हणजे माशाला अंग कोरडं ठेव म्हणण्यासारखं.

उजवा डोळा झाला. झकास झाला. चष्मेवाल्यानं जुन्या चष्म्यातली उजवी काच काढून दिली. आता साहेबांच्या तोंडावर एका बाजूला उघडी खिडकी आणि दुसऱ्या बाजूला बरणीचं बूड. तशा अवस्थेत त्यांनी घराची बेल वाजवली. बायकोनं दार उघडलं, आणि साहेब उंबऱ्यातच थिजले.

"अहो, असं काय बघताय?"

"तू दोन दिसतेयस. एक मोठी. आणि तिच्या खांद्याआडून डोकावणारी एक लहान."

बायको शांतपणे म्हणाली, "त्यातली बरी कोणती?"

ज्यानं आयुष्यात असंख्य निविदा उघडल्या, त्या माणसाला या एका प्रश्नाचं उत्तर सुचेना. मोठी म्हणावं तर अंगावर घेईल, लहान म्हणावं तर "म्हणजे मी जाड झालेय का?" येईल. "दोघीही," ते म्हणाले.

"असं! म्हणजे इतकी वर्षं एकटी पुरत नव्हते वाटतं!"

त्या दिवशी चहा मिळाला, पण कपही दोन होते, एकात एक बसवल्यासारखे. साहेबांनी आतल्या लहान कपाला हात घातला आणि चहा विजारीला पाजला. जिन्याची तर गोष्टच नको. प्रत्येक पायरीला एकेक पिल्लू झालेलं. साहेबांनी पिल्लावर पाय ठेवला आणि अर्धा जिना बसून उतरले. वरून कॅशियरांचा आवाज आला, "म्हटलं नव्हतं? आग ती आगच!"

संध्याकाळी मेहुणा समाचाराला आला. तो दिव्याखाली उभा राहिला आणि साहेबांच्या नव्या डोळ्याला दिव्याभोवती भलंमोठं तेजोवलय दिसलं, बरोब्बर त्याच्या डोक्यामागे. ज्यानं आजवर नेलेली एकही छत्री परत आणली नाही, तो समोर संतासारखा झळकत होता. एवढा मनस्ताप त्यांना पडल्यावरही झाला नव्हता. बाजूच्या लहान मेहुण्याला वलय नव्हतं. त्याच्याशी बोलणं त्यांनी त्यातल्या त्यात पत्करलं.

रजा टाकावी, तर निवडीच्या तोंडावर रजा म्हणजे जागेवर पाणी. साहेब कचेरीत गेले. नमुने तपासताना काचेमागचा डावा डोळा मिटायचा आणि नव्या उजव्यानं बघायचं, अशी तोड त्यांनी काढली. साबणवाला नेहमीसारखी वीटभर वडी घेऊन आला. साहेबांनी ती पाहिली आणि दचकून मागे सरले.

"हा साबण आहे की पायरी? पोरांनी आंघोळ करायची की बांधकाम? लहान करून आणा!"

साबणवाल्यानं भिंतीचा आधार घेतला. या माणसाच्या तोंडून "लहान करून" हे शब्द ऐकायला त्याचा बाप जन्मभर झुरला होता. तो लहान करून घेऊन आला. तीही वडी साहेबांना ऐसपैस वाटली. आणखी लहान आली. पास.

विक्रेत्यांमध्ये असल्या बातम्या वाऱ्यानंही मागे पडावं अशा धावतात. ब्लँकेटवाला, बादलीवाला, टेबलवाला, सगळे साहेबांच्या उजव्या हाताला खुर्च्या ओढून बसू लागले. दर फेरीला माल थोडा आटायचा, दर फेरीला साहेबांची सही पडायची. पाहता पाहता साबण बिस्किटावर आला. बादली अशी आली की तिला डबा म्हटलं तर डब्यानं अब्रूनुकसानीचा दावा लावावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. वसतिगृहात अंथरुणाला तोटा नव्हता, पांघरूणच गुडघ्याशी संपत होतं. पोरांनी डोकं झाकलं तर पाय उघडे, पाय झाकले तर डोकं उघडं. शेवटी दोघादोघांनी मिळून एकेकाला झाकायचं ठरवलं, आणि उरलेला जागून तक्रारअर्ज लिहू लागला.

अर्ज आले. आणि अर्जाच्या आधी कुजबुज आली. वाघाचे हात ओले झाले म्हणे. वाघ आता गवत खातो, आणि गवत विक्रेते घालतात.

ही कुजबुज नमुनेसाहेबांना लागली. हा माणूस खडूस होता, आढ्यताखोर होता, पण खायचा नाही. विक्रेत्यानं पुढे केलेली सुपारीसुद्धा त्यानं कधी तोंडात टाकली नव्हती. (तीही लहानच वाटायची म्हणा.) मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "समिती सोमवारी बसतेय. तुमची मुलाखत आणि तुमची चौकशी, दोन्ही एकाच बैठकीत उरकू. चहा एकदाच सांगावा लागेल."

नमुनेसाहेब तडक डॉक्टरांकडे. "नमुना नापास! परत घ्या!"

डॉक्टरांनी तपासलं. "डोळा उत्तम झालाय. मी याहून चांगला करू शकलो नसतो."

"मग मला एकच सांगा. या दोहोंतला खरा आकार कोणता? मोठा की लहान?"

"मोठा. चष्म्यातून तुम्हाला सगळं साधारण आठव्या हिश्शानं लहान दिसत होतं. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मी. पण आता दिवसभर शेजारी काचेतलं लहान चित्र दिसत असतं, त्याच्या तुलनेत खऱ्या आकाराची वस्तू तुम्हाला अवाढव्य वाटतेय."

"म्हणजे तो साबणवाला पहिल्यापासून…"

"कोण साबणवाला?"

नमुनेसाहेब मटकन स्टुलावर बसले. दोहोंतल्या चुकीच्या स्टुलावर बसले, त्यामुळे पुढचं त्यांना जमिनीवरून ऐकावं लागलं. दुसऱ्या डोळ्याची तारीख सोमवारनंतरचीच होती.

घरी तिघांची बैठक बसली. साहेबांना पाच दिसत होते.

"खरं सांगून मोकळे व्हा," बायको म्हणाली. "म्हणावं, काचेनं फसवलं."

"आणि सांगू काय? की खरेदी विभागात इतकी वर्षं वाघ म्हणून जो बसला होता, त्याला धड दिसतच नव्हतं? बरोबर माल मी परत पाठवत होतो? हसतील सगळे!"

"हसू द्या. नाहीतर चोर ठराल."

चोर की आंधळा, एवढाच प्रश्न होता. चोर म्हटलं तर नोकरी जाणार, आंधळा म्हटलं तर दरारा जाणार. आणि दराऱ्याशिवाय नमुनेसाहेब म्हणजे काय उरतं, हे त्यांना आरशात दिसत होतं, दोन मापांत.

"भाऊजी, तिसरं उत्तर असतंच," मेहुणा म्हणाला. "काटकसर म्हणा. मुद्दाम केलं म्हणा. वरच्या लोकांना काटकसर ऐकली की गुदगुल्या होतात. फक्त ठासून सांगायचं."

जन्मात प्रथमच मेहुण्याचा नमुना पास झाला.

सोमवारी समिती बसली. मध्ये मोठे साहेब, एका बाजूला वसतिगृहांच्या अधीक्षक बाई, दुसऱ्या बाजूला एक वयस्कर सदस्य, ते चहा येईपर्यंत डोळे मिटून विचार करत. डावा डोळा मिटून बोलावं, तर बाईंना डोळा मारल्यासारखं होईल, हे बायकोनं निघताना बजावलं होतं. म्हणून नमुनेसाहेबांनी दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि एक साधा हिशेब मनाशी धरला: दिसेल त्याला दोननं भागायचं. समोर सहाजण दिसत होते, म्हणजे तिघं.

"ब्लँकेटं लहान का झाली?" मोठ्या साहेबांनी थेट विचारलं.

"केली, साहेब," नमुनेसाहेब म्हणाले. "मी केली. मुद्दाम."

वयस्कर सदस्यांनी एक डोळा उघडला.

"काटकसर! माणूस थंडीत आक्रसून झोपतो, साहेब. मग पूर्ण लांबीचं ब्लँकेट कशाला? उरलेलं वाया जातं. साबणही तसाच. मोठी वडी भिजत पडते, विरघळते. मी अभ्यास केला. लोक म्हणाले, वाघ बदलला. मी म्हटलं, म्हणू देत! संस्थेचं हित आधी!"

मोठ्या साहेबांचा चेहरा उजळला. त्यांच्याभोवतीही थोडं वलय आलं, पण ते खिडकीमुळे असावं. "अरे, हे आधी सांगायचं! हा तर धोरणाचा विषय आहे!"

नमुनेसाहेबांना चढली. थापेचं घोड्यासारखं असतं. बसेपर्यंत भीती, बसलं की टाच मारायचा मोह. "आणि नुसतं कागदावर नाही, साहेब. आधी नमुना, हे माझं ब्रीद. प्रत्येक वस्तू मी स्वतः वापरून पाहिली. त्या बादलीनं आंघोळ केली. त्या साबणानं केली."

"आणि ब्लँकेट?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बसलेला होता.

"तेही!" तक्रारीसोबत आलेलं ब्लँकेट टेबलावर ठेवलेलं होतं, नमुनेसाहेबांनी तिकडे पाहिलं. टेबलावर करड्या रंगाचं काहीतरी चार ठिकाणी दिसत होतं. त्यांनी घाईनं दोननं भागलं, दोन आली. एक मोठं आणि एक लहान, म्हणजे ते नेहमीचंच. पुन्हा दोननं भागलं, एक आलं. त्यांनी आत्मविश्वासानं हात घातला, हाताला ऊबदार लोकर लागली, आणि ती त्यांनी झेंड्यासारखी समितीपुढे उंच धरली.

"हेच ते ब्लँकेट, साहेब! पास करण्याआधी पुरे आठ दिवस मी याच्याखाली झोपलोय. एकटा नाही, सपत्नीक! डोक्यापासून पायापर्यंत दोघं झाकले जात होतो, वर थोडं उरत होतं. बायकोला विचारा. ती तर म्हणाली, अहो, एवढं मोठं कशाला घेता, जरा आखूड करा!"

मोठे साहेब पेन उचलून सही करायच्या बेतात होते. वयस्कर सदस्यांनी दुसराही डोळा उघडला. अधीक्षक बाईंनी एकदा शिंकून घेतलं, आणि हात पुढे केला.

"साहेब, तो माझा स्कार्फ आहे. आणि आठ दिवस तो माझ्याच गळ्यात होता."